सहाव्या गाण्यातला सांधा

टप्... टप्... असा आवाज होता तो. मोठा नाही हो, ओलं फडकं दगडावर हलकेच टाकावं तेवढाच, पण पंचेचाळीस वर्षं झाली तरी कानातून गेलेला नाही, आणि हे घरातले लोक चारचौघांत सांगतात की बाबांना ऐकू येत नाही! येतं. खालचं येतं, वरचं येत नाही. दाराची घंटा येत नाही, फोन येत नाही, पाखरं तर वीस वर्षांत माझ्याशी बोललेली नाहीत. पण मालाचा ट्रक गल्लीत वळायच्या आधी मला कळतं, खाटेच्या पायांतून कळतं. आता हे समजावून सांगायचं म्हणजे बोलावं लागणार, आणि मी तसा बोलणारा माणूस नाही.

तुम्हाला सांगतो, मी बर्फाच्या कारखान्यात होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींनी दया केली म्हणून. आधी तेलवाला, म्हणजे तेलाचा डबा घेऊन यंत्रांभोवती फिरायचं, आणि मग फिटर. एकेक कॉम्प्रेसर हत्तीएवढा. मोटर एका बाजूला, कॉम्प्रेसर दुसऱ्या बाजूला आणि मधे चामड्याचा हा एवढा रुंद पट्टा गरगर फिरतोय. आता पट्टा काही गोल जन्माला येत नाही. लांब असतो, त्याची दोन टोकं जोडावी लागतात, आणि जोडलं की तिथं सांधा आला. सांधा चांगला असला तर पुलीवरून गुपचूप जातो, नसला तर दर फेऱ्याला एकदा टप् करतो. ते टप् मी चार दिवस ऐकलं आणि चार दिवस गप्प बसलो, कारण फोरमन म्हणाला होता, ‘हा पट्टा मी स्वतः जोडलाय, दहा वर्षं याच्याकडे बघायचं नाही.’ आता फोरमनला कोण सांगणार? पाचव्या दिवशी पट्टा तुटला, फोरमनच्या डोक्यावरची टोपी उडवून थेट मिठाच्या पाण्याच्या हौदात, डोकं जागेवर राहिलं ही त्याची पुण्याई, आणि चारशे लाद्या बर्फाचं पाणी झालं... चारशे. सगळे एकमेकांना विचारत होते, अरे, कुणाच्याच कानावर कसं आलं नाही? मी आपला हौदातली टोपी काढत होतो. काय करणार, मी तसा बोलणारा माणूस नाही.

बरं, हे सगळं का सांगतोय... हां, नातीचा अल्बम.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, ती संगीत करते. गात नाही, वाजवत नाही, करते. ती आणि तिचा एक जोडीदार आहे, तो घरातही टोपी घालून बसतो, फोरमनची आठवण येते म्हणून मी त्याच्याकडे फार बघत नाही. दोघं मिळून कॉम्प्युटरवर आवाज कापतात, जोडतात, ताणतात. दोघांच्या जोडीचं नाव आहे ‘जिना’. का? तर नात म्हणते, ‘आजोबा, नावाला काही अर्थ असायलाच हवा का?’ नसेल बाबा. आणि नव्या अल्बमचं नाव ‘ओल’. आता भिंतीला ओल आली की आपण रंगारी बोलावतो, ही पोरगी तिला अल्बम म्हणते.

पहिला अल्बम आला तीन वर्षांपूर्वी. सगळे या बैठकीच्या खोलीत बसलेलो, ती लावून उभी, अंगठ्याचं नख दाताखाली. दहाबारा मिनिटं झाली आणि तिनं मला विचारलं, कसं आहे? मी आयुष्यात कधी नाही तो पटकन बोललो. म्हणालो, ‘चांगलं आहे की. पण गाणं कधी सुरू होणार?’ अहो, काय हसले लोक! तीही हसली. पण त्यानंतर तीन वर्षं तिनं मला काही ऐकवलं नाही. येते, पाया पडते, औषधं घेतली का विचारते, नखं कापून देते माझी, पण तिच्या गाण्यांचा आवाज म्हणून नाही. हसू सगळ्यांचं एका मिनिटात संपलं, माझं वाक्य तेवढं तिच्याकडे राहून गेलं. तेव्हाच ठरवलं, आपण बोलणारा माणूस नाही तर बोलू नये.

आणि दहाबारा दिवसांपूर्वी, तीन वर्षांनी, ती आपणहून आली. एक स्पीकरचा डबा, भाकरीच्या डब्याएवढा, आणि मोठे हेडफोन. म्हणाली, आजोबा, शुक्रवारी बाहेर पडणार आहे, तुम्ही आधी ऐका, गुरुवारी दुपारी येते. बास. बटण कुठलं ते दाखवलं आणि गेली.

ती गेली आणि मुलगी आली आत. मुलीला तुम्ही ओळखत नाही. ती हळू बोलायला लागली की समजायचं काहीतरी गंभीर आहे. म्हणाली, बाबा, नीट ऐकून घ्या. तिची ती प्रयोगशाळेतली जुनी नोकरी, त्यांचं पत्र येऊन पडलंय, परत ये म्हणतात. तिनं मला सांगितलंय की या खेपेला जमलं नाही तर ती सगळं गुंडाळून जाणार. दोन वर्षं घातली आहेत तिनं यात. तेव्हा गुरुवारी तिनं विचारलं की तुम्ही एकच शब्द बोलायचा.

मी म्हटलं, कुठला?

‘छान. फक्त छान. पुढे काही जोडायचं नाही.’

आता मला सांगा, एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं होतं का?

तर बसलो ऐकायला. हेडफोन लावले. चांगले होते, गरम टोपीसारखे, पण मला त्यातून अर्धंही येईना. मग स्पीकर लावला. आणि अल्बम बराच पुढे गेल्यावर काहीतरी टप् करायला लागलं. मी म्हटलं, पंखा. टेबलपंखा आमचा जुना आहे. खोलला. जाळी काढली, पाती काढली, पुसली, तेल घातलं, परत बसवली, दीड तास गेला, परत अल्बम लावला, परत टप्. मग मला वाटलं कपडे धुण्याचं यंत्र, तर ते बंदच होतं. मग मी खाली गेलो, तळमजल्यावर गाण्याचे मास्तर राहतात, निवृत्त, त्यांना म्हटलं तुमचा पाण्याचा पंप टपटप करतोय. मास्तर म्हणाले, ‘पंप दुरुस्तीला नेलाय, मंगळवारपासून नाही इथं.’ आता जो पंप इथं नाहीच त्याला कसा दोष देणार? मी परत वर आलो. मास्तर मागोमाग आले, कारण मास्तरांना कुणाकडे काहीतरी वाजतंय म्हटलं की राहवत नाही.

आणि मग मी पेचकस घेतला. हसू नका. यंत्राच्या पोटातलं ऐकायचं असलं की फिटर काय करतो? लांब पेचकस घेतो, टोक यंत्रावर टेकवतो आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडावर. कानाचं काम हाड करतं. मी तसाच टेबलाशी वाकलो, टोक स्पीकरच्या डब्यावर, मूठ हाडावर, डोळे मिटलेले... आणि मुलगी आत आली. ‘बाबा! तो डबा खोलायचा नाहीये!’ मी म्हटलं, खोलत नाहीये, ऐकतोय. ती मास्तरांकडे बघायला लागली. मास्तर छताकडे.

पण तुम्हाला सांगतो... काय सांगू. वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी अख्खं ऐकलं मी.

पहिलं गाणं, आता गाणंच म्हणतो, पहिल्या गाण्यात नुसती एक घरघर आहे, खूप खालची. कारखान्यात सकाळी पहिला कॉम्प्रेसर चालू केला की आधी जमिनीला कळायचं आणि मग माणसांना, तशी ती तळव्यांतून येते. वाटतं, काहीच होत नाहीये, आणि मधेच लक्षात येतं की आपण मघापासून तिच्याबरोबर श्वास घेतोय. दुसऱ्यात कुणीतरी घाईघाईनं पायऱ्या उतरतंय, उतरतंय, उतरतंय आणि तळमजला येतच नाही; मला तर गुडघे दुखल्यासारखं झालं, म्हणजे बघा किती खरं असेल. तिसऱ्यात थेंब. एक थेंब पडतो, मग थांबून दुसरा. पडेल वाटतं तेव्हा पडत नाही, आणि आपण नाद सोडला की पडतो. खट्याळपणा आहे तो तिचा, लहानपणापासूनचा, लपाछपीत ही असंच करायची.

आणि चौथं. चौथ्यात एक बाई आहे, पण ती बोलत नाही. माणूस बोलायच्या आधी एक श्वास घेतो ना, छोटासा, तेवढाच ठेवलाय आणि पुढचं सगळं कापून टाकलंय. पुन्हा श्वास. पुन्हा श्वास. आता बोलेल, आता बोलेल... चार मिनिटं. मला त्याचं काय झालं ते विचारू नका. मास्तर म्हणाले, यात बाई काही गातच नाही. मी काय सांगणार मास्तरांना? की मास्तर, मी सत्त्याहत्तर वर्षं हेच करत आलोय?

पाचव्याला मला झोप लागली. दोनदा लावलं, दोनदा लागली. पण चांगली लागली, तेव्हा तेही जमेलाच धरा.

मास्तर तोवर तापले होते. म्हणाले, यात सूर कुठाय, रियाज कुठाय, बटण दाबलं की वाजतं, हे काय संगीत झालं? मी सहसा वाद घालत नाही. पण मूठ हाडावर तशीच धरून म्हणालो, ‘मास्तर, बटण तर आम्हीही दाबायचो. बर्फ बटणानं होतो का?’ मास्तर हळूच म्हणाले, बघू तो पेचकस जरा. सहावं त्यांनी तसं ऐकलं, मान डोलावली. खाली जाताना कठड्यावर बोटांनी ठेका धरला होता, मी बघितलं.

आता सहावं. सहावं म्हणजे अल्बमचा राजा. मोठं, गोल, फिरणारं, सगळं खोलीभर गरगरतंय आणि खाली एक ठोका, धिम्मा, न थकणारा. मी त्यात इतका रमलो की हात आपोआप तेलाचा डबा चाचपायला लागला. आणि तिथंच ते होतं. टप्. मी बोटांवर मोजलं. सोळा ठोके, टप्. सोळा ठोके, टप्. पंखा नव्हता, पंप नव्हता, गाण्याच्या आतच होतं. पट्ट्याचा सांधा लागत होता.

झालं. बुधवारची अख्खी दुपार मी त्या खुर्चीत. सांगू? नको सांगू? मुलगी म्हणते छान म्हणा. आणि छान आहेच की हो! खोटं कुठं बोलायचंय? पण चारशे लाद्यांचं पाणी डोळ्यांसमोरून हलेना. पोरीची दोन वर्षं त्या पट्ट्यावर फिरतायत आणि मी इथं मूठ कानाला लावून गप्प? बरं, बोलावं, तर तीन वर्षांपूर्वीचं एक वाक्य अजून फिटलेलं नाही, दुसरं कुठं ठेवेल ती? मी तसा बोलणारा माणूस नाही हे एरवी बरं असतं हो, त्या दिवशी फार जड गेलं.

गुरुवारी दुपारी नात आली. समोर बसली. तिच्या मागे, बरोब्बर तिच्या पाठीशी, मुलगी टॉवेलच्या घड्या घालत उभी, एकच टॉवेल चौथ्यांदा. नातीनं विचारलं, ऐकलंत?

मी म्हटलं, ‘छान.’

मुलीनं सुस्कारा सोडला. नात माझ्याकडे बघत राहिली. नख दाताखाली.

‘आजोबा, खरं सांगा.’

मी म्हटलं, खरंच छान. घरघर छान, पायऱ्या छान, थेंब छान, ती बाई तर... ती बाई फारच. मग थांबलो. श्वास घेतला. आणि निघून गेलं तोंडातून.

‘सहाव्यात सांधा लागतोय, बाळ.’

टॉवेल खाली पडला. नातीला कळेचना. मग मी तिला पट्टा सांगितला, पुली सांगितली, दोन टोकं सांगितली, आणि दर सोळाव्या ठोक्याला टप् होतं ते टेबलावर बोटानं वाजवून दाखवलं. ती पांढरी पडली. म्हणाली, ते सोळा ठोक्यांचंच आहे, आजोबा. सोळा ठोक्यांचा एक तुकडा कापून त्याची टोकं जोडलीत आम्ही, तो सारखा फिरत राहतो. पण जोड ऐकू येत नाही कुणाला. आम्ही शंभरदा ऐकलंय. शेवटचा आवाज बसवून देणारा एक तज्ज्ञ असतो, त्याच्या खोलीत लाखमोलाची यंत्रं आहेत, त्यालाही आलेला नाही!

मी म्हटलं, त्याचे कान चांगले असतील. वरचं सगळं चमचमतं त्याला ऐकू येतं ना, त्याखाली हे झाकलं जातं. मला वरचं येतच नाही, त्यामुळे माझ्यासाठी खालचं उघडं पडलंय.

तिनं स्पीकर लावला. कान डब्याला चिकटवला. नाही आलं. मी पेचकस पुढे केला. मुलगी म्हणाली, झालं, आता ही पण. नातीनं टोक टेकवलं, मूठ हाडावर धरली, मी बोटं मोजायला लागलो. तेरा, चौदा, पंधरा, सोळा... आणि तिचे डोळे उघडले. मूठ तशीच ठेवून परत सोळा ऐकले. मग परत.

तिनं पेचकस टेबलावर ठेवला. मग विचारलं, तुम्ही काय करायचात? आता हा प्रश्न मला पंचेचाळीस वर्षांत फोरमननंही विचारला नव्हता. मी सांगितलं, आम्ही टोकाला टोक भिडवायचो नाही. दोन्ही टोकं तासून पातळ करायची, उतरती, आणि एकावर एक चढवायची. एक संपतंय तोवर दुसरं सुरू झालेलं असतं. पुलीला कळतच नाही कुठं काय जोडलंय. ती म्हणाली, आम्ही पण असंच करतो, आजोबा, सगळीकडे केलंय... इथंच राहून गेलं. आणि पिशवी उचलून निघाली. शुक्रवारचं पुढं ढकलावं लागणार एवढंच दारातून आईला म्हणाली.

पुढचे आठ दिवस मुलगी माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पाण्याचा पेला आपटायची, तो आवाज खालचा, तो मला येतो. एकदाच बोलली, तीही भिंतीशी: ‘एक शब्द सांगितला होता. एक.’ आठ दिवस मलाही वाटत होतं की पोरगी आता ते पत्र काढून बसली असेल आणि होकार लिहीत असेल, आणि लिहिणाऱ्या हाताला धक्का मी दिलाय.

नवव्या दिवशी सकाळी नात आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. अल्बम कालच बाहेर पडला म्हणाली. मुलीनं विचारलं, आणि ते पत्र? नात पाणी प्यायली, तिनं पेला ठेवला, आणि तो हळू ठेवला. म्हणाली, ‘नाही’ म्हणून कळवलंय त्यांना. मुलगी खालीच बसली. म्हणाली, अगं, पण विचार केलास का?

‘केला. आई, एवढं खालपर्यंत ऐकणारा एक जरी माणूस असेल ना, तर मला हे नीट करावंच लागणार. नोकरी सांभाळून नाही होत ते.’

तुम्हाला सांगतो, मला तिथं बसवेना. मी उठून उगाच खिडकी उघडली, परत लावली. तोवर तिनं स्पीकर टेबलावर ठेवला, पेचकस आपणहून माझ्या हातात दिला आणि सहावं लावलं. मी बोटं धरली. सोळा ठोके... काही नाही. परत सोळा, काही नाही. पट्टा असा फिरत होता की जणू गोलच जन्माला आलाय. तिनं आणि त्या टोपीवाल्यानं आठ दिवस त्या एका सांध्यावर घालवले होते, चारदा भांडण झालं म्हणे, एकदा तो टोपी आपटून निघूनही गेला होता आणि टोपी न्यायला परत आला.

विचारलं तिनं, ‘आता?’

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात. मला ओठ दिसत होते तिचे, ‘छा’ आणि ‘न’. आणि मी म्हणणारच होतो हो! म्हटलंच. म्हणालो, छान, एक नंबर, फोरमनच्या बापाला जमला नसता असा सांधा. इथं थांबायला हवं होतं. पण ती म्हणाली, खरं सांगा, आणि ही पोरगी खरं सांगा म्हणाली की माझं काय होतं कळत नाही. मी तसा बोलणारा माणूस नाही, पण बोललो.

‘खरं सांगू, बाळ? त्या टप्ची आठवण येते. ते होतं तेव्हा कळत होतं की कुणीतरी हातानं जोडलंय.’

नात उठली. चपला घातल्या. दारात पाठमोरी क्षणभर थांबली, खांदे हलत होते तिचे, आता ते हसू होतं की दुसरं काही ते पाठीवरून कसं कळणार... आणि जिना उतरून निघून गेली. स्पीकर तसाच चालू ठेवून. सकाळपासून अल्बम संपतो आणि परत पहिल्यापासून लागतो, मुलगी म्हणते बंद करा आता. पण नातीनं मला चालू करायचं बटण तेवढं दाखवलंय.